बाळ कोणाकडे?

सिनेमातल्या बाईला दिवस गेले की ते प्रेक्षकांना तिच्याआधी कळतं. पूर्वी याची पद्धत ठरलेली होती. नायिकेला चक्कर यायची, शेजारची जाणती बाई तिला धरायची आणि पांढऱ्या मिशांचे डॉक्टर नुसती नाडी हातात घेऊन गोड बातमी सांगायचे. रक्त नाही, लघवी नाही, सोनोग्राफी नाही. त्या डॉक्टरांच्या दोन बोटांत जी ताकद होती, ती आमच्या तारापूर एमआयडीसीतल्या भल्याभल्या क्यूसी, म्हणजे दर्जा तपासणाऱ्या, लॅबमध्ये परदेशी यंत्रं आणूनही आलेली नाही. आता डॉक्टर गेले आणि पट्टी आली. नायिका बाथरूममध्ये, नायक दाराबाहेर, पट्टीवर दोन गुलाबी रेघा आणि मागे गिटार. चक्कर मात्र अजून आहे, फक्त ती आता नवऱ्याला येते.

पाठोपाठ येणारा प्रश्नही बदलला. जुन्या सिनेमात घर हादरायचं ते "बाप कोण?" या प्रश्नानं. नव्या सिनेमात बाप शेजारीच डोकं धरून बसलेला असतो, त्यामुळे तो प्रश्न मिटला. आता घर हादरतं ते "करिअरचं काय?" या प्रश्नानं. कुणाच्या करिअरचं, हे मात्र कुणाला सांगावं लागत नाही. डोकं धरून बसलेल्याच्या करिअरचं नक्कीच नाही.

२०१८ साल या विषयाला चांगलंच फळलं. ऑक्टोबरात हिंदीत 'बधाई हो' आला, त्यात लग्नाच्या वयाच्या मुलाच्या आईलाच दिवस गेले. डिसेंबरात मराठीत 'मुंबई-पुणे-मुंबई ३' आला. २०१०च्या पहिल्या भागात मुंबईची गौरी आणि पुण्याचा गौतम भेटले, २०१५च्या दुसऱ्या भागात एकदाचं त्यांचं लग्न लागलं आणि तिसऱ्या भागात, दोघांपैकी कुणाचीही तयारी नसताना, पाळणा हलायची चिन्हं दिसू लागली. दिग्दर्शक सतीश राजवाडे, गौरी मुक्ता बर्वे, गौतम स्वप्नील जोशी. गौरीला नोकरी आहे, स्वप्नं आहेत, वेळापत्रक आहे, आणि त्यात मूल कुठेच लिहिलेलं नाही. मग मानसिक आंदोलनं, समजूत, रुसवा, समुद्रकिनारा, डोळ्यांत पाणी. सगळं गोड आहे आणि मुक्ता बर्वे असल्यामुळे खरंही वाटतं.

टीव्हीवर हा सिनेमा लागला तेव्हा बोईसरच्या आमच्या सोसायटीतल्या आम्ही काही बायका एकत्र बसून पाहत होतो. पडद्यावर गौरीची घालमेल चालली होती आणि संगीत अगदी काळजाला हात घालत होतं. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "ते सगळं खरं. पण बाळ कोणाकडे ठेवणार ही?"

त्या एका प्रश्नानं आमचं सिनेमातलं लक्षच उडालं. गौरी काय ठरवते यापेक्षा हिची सासू कुठे राहते, आईचे गुडघे कसे आहेत, बिल्डिंगला लिफ्ट आहे का, याची चौकशी सुरू झाली. मग पडद्यावर दोन्हीकडचे आईवडील जमले. प्रशांत दामले, सविता प्रभुणे, विजय केंकरे, मंगल केंकरे आणि वर सुहास जोशी. ती फौज पाहून वहिनींनी शेंगांचं ताट बाजूला सारलं. "एवढी माणसं हाताशी असतील तर मी तिळंसुद्धा वाढवीन," म्हणाल्या, आणि उठून भाताचा कुकर लावायला गेल्या. त्यांच्यापुरता सिनेमा तिथेच संपला होता.

त्यांचंही बरोबर आहे. बोईसर हे आज्यांचा तुटवडा असलेलं गाव आहे. कारखान्यांमुळे माणसं इथे कुठकुठून आली. कुणी जळगावचं, कुणी सांगलीचं, कुणी नांदेडचं, कुणी थेट गोरखपूरचं. नोकरी इथे मिळाली, फ्लॅट इथे झाला, पण आज्या गावीच राहिल्या. त्यांना आणावं लागतं. एक आजी तीन महिने, मग दुसरी आजी तीन महिने, आणि मध्ये रिझर्व्हेशन मिळालं नाही तर आईची बिनपगारी रजा. त्यात आजी इथे येऊन चार दिवस राहिली की विचारते, "हा वास कसला गं?" एमआयडीसीचा वास आम्हाला येईनासा होऊन वर्षं झालेली असतात. आजीला तो बरोबर येतो, आणि मग गावाकडची हवा, गावाकडचं पाणी आणि गावाकडचा दुसरा मुलगा यांची आठवणही बरोबर येते.

जगभरच्या सिनेमांनी हा विषय घोळवला आहे आणि त्यात एक गंमत सगळीकडे सारखी दिसते. १९८७ साली अमेरिकेत दोन विनोदी सिनेमे आले. एकाचं नाव 'बेबी बूम'. न्यूयॉर्कमधली एक बडी अधिकारी, भूमिका डायन कीटनची. दूरच्या नात्यातलं एक बाळ वारसा म्हणून तिच्या पदरात पडतं. हळूहळू ऑफिसातलं स्थान जातं, बाई शहर सोडून व्हरमाँटच्या खेड्यात जाते, तिथे सफरचंद शिजवून बाळांसाठी त्याचा गर बनवते आणि त्यातून धंदा उभा करते. दुसरा सिनेमा 'थ्री मेन अँड अ बेबी'. तीन सडेफटिंग मित्र, दाराशी एक बाळ आणि मग लंगोट बदलण्याची धमाल. त्या वर्षी अमेरिकेत सगळ्यात जास्त गल्ला या दुसऱ्या सिनेमानं जमवला. बाप लंगोट बदलतोय हे पाहायला लोक तिकीट काढतात. आई बदलते ते फुकटसुद्धा कुणी पाहत नाही.

म्हणजे बाळ बाईच्या पदरात पडलं की राजीनाम्याची गोष्ट होते आणि पुरुषाच्या पदरात पडलं की डायपरची. २००७च्या 'हे बेबी'त अक्षयकुमार, फरदीन खान आणि आपले रितेश देशमुख बाळ घेऊन धावपळ करतात, पण तिघांपैकी एकालाही कुणी विचारत नाही की, बाबा रे, आता नोकरी सोडणार का? १९८९च्या 'बाळाचे बाप ब्रह्मचारी'चं नुसतं नाव ऐकून लोक हसायला लागायचे. 'बाळाची आई ब्रह्मचारी' असं नाव असतं तर पोस्टरपाशीच रुमाल निघाले असते.

'बेबी बूम'चा शेवट आमच्या पालघर जिल्ह्यात करायला काही अडचण नाही. व्हरमाँटला सफरचंद, तर घोलवडला भौगोलिक मानांकन मिळालेला चिकू. नोकरी सोडून चिकूची पावडर, चिकूचं लोणचं, चिकूची बर्फी करावी असा सल्ला इथे प्रत्येक बाळंतिणीला कुणी ना कुणी देतंच. सल्ला देणाऱ्यानं स्वतः आयुष्यभर जनरल शिफ्ट केलेली असते आणि चिकू फक्त खाल्लेला असतो.

खरी बोईसरची गोष्ट काढायची तर कंपनीच्या भाषेत सांगावी लागेल, कारण ती भाषा आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचली आहे. शेजारच्या तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ पासून आहे, एमआयडीसीत रसायनं, औषधं, कापड, पोलाद असं सगळं आहे. इथल्या पोरांना 'शटडाऊन' म्हणजे काय ते बाराखडीच्या आधी कळतं. शटडाऊन दोन तऱ्हेचं. एक ठरवून घेतलेलं. त्याचा तक्ता महिनोनमहिने आधी लागतो, सुटे भाग मागवले जातात, जादा माणसं येतात. दुसऱ्यात प्लँट आपणहून ट्रिप होतो, म्हणजे अचानक बंद पडतो. रात्री अडीचला फोन वाजतो आणि सगळे एकमेकांना विचारत सुटतात की झालं कसं. आमच्या मजल्यावरच्या मुलीला दिवस गेले ते या दुसऱ्या प्रकारात.

मुलगी एका औषध कंपनीत क्यूसीला, नवरा दुसऱ्या कंपनीत प्रॉडक्शनला. तिनं एचआरला बातमी सांगितली. एचआरचा माणूस खुर्चीतून उठून "अभिनंदन!" म्हणाला आणि बसता बसता त्याची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. "म्हणजे नेमकं ऑडिटच्या तोंडावर?" त्याच्या आवाजातलं दुःख खरं होतं. बाळंतपण हेही ठरवून घेतलेलं शटडाऊनच असतं, अशी एचआरची प्रामाणिक समजूत असते. नवऱ्यानंही आपल्या कंपनीत बातमी सांगितली. तिथे पेढे मागितले गेले, पाठीवर थाप पडली आणि तो दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टला हजर झाला. कॅलेंडरकडे कुणीही पाहिलं नाही.

डोहाळजेवण घरी झालंच, पण खरं रंगलं ते दुसऱ्या एका मुलीचं, रोज पालघरहून मुंबईला जाणाऱ्या भाचीचं, आणि तेही लोकलच्या लेडीज डब्यात. एप्रिल २०१३मध्ये विरारची लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हापासून आमच्या बायकांचं निम्मं आयुष्य या डब्यात जातं. हळदीकुंकू तिथे, भाजी निवडणं तिथे, सासूची तक्रार तिथे. पालघरहून गाडी सुटल्यावर खिडकीला फुलांच्या माळा लागल्या. केळवे रोडला मोगऱ्याचे गजरे चढले. भाचीला खिडकीची जागा मिळाली होती, आणि ज्यांनी डहाणू लोकलची गर्दी पाहिली आहे त्यांना कळेल की खरा सन्मान तोच होता. सफाळ्याला दोन झाकलेल्या वाट्या पुढे आल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. गर्भाचं लिंग तपासायला १९९४च्या कायद्यानं मनाई आहे, पण वाटीखालच्या पेढ्याला तो कायदा लागू होत नाही. वैतरणेच्या पुलावर गाडी नेहमीसारखी रेंगाळली, भाचीनं वाटी उघडली, बर्फी निघाली, "मुलगी, मुलगी" असा गलका झाला. तेवढ्यात सातपाटीच्या, सत्तरीतल्या एका कोळीणबाईंनी टोपलीवरून मान वर केली. "मुलगी होवो नायतर मुलगा," त्या म्हणाल्या, "सांभाळायला कोन हाय?"

पुन्हा तेच! एमआयडीसीतल्या वहिनी आणि सातपाटीच्या आजी यांची ओळखदेख नाही, पण प्रश्न एकच. सातपाटीच्या आजींना तो विचारण्याचा अधिकारही जास्त. घरधनी होडीवर, पापलेट विकायचं, हिशेब ठेवायचा, पैसे कमरेला लावायचे हे काम कोळणी पिढ्यान् पिढ्या करत आल्या. त्याला त्यांनी करिअर असं नाव कधी दिलं नाही, म्हणून त्यांच्यावर कुणी सिनेमा काढला नाही. बाळंतीण आठवडाभर मुशीचं कालवण खाऊन उठली की बाजार होताच.

आता मजल्यावरच्या जोडप्याकडे परत. मुलगा झाला. आज्यांची पाळी संपली, रजा संपली, आणि दोघांनी वेगवेगळ्या शिफ्ट मागून घेतल्या. ती सकाळी सात ते तीन, तो दुपारी तीन ते रात्री अकरा. दोन शिफ्टच्या मधली फट भरायला शेजारच्या आम्ही. त्या घरातल्या फ्रिजवर एक वही टांगलेली आहे. कंपनीत ऑपरेटर पुढच्या माणसाला चार्ज देताना लिहितो तसं लॉगबुक. मी त्यातलं एक पान वाचलं:

"११.२० – दूध ९० एमएल. त्यातले अंदाजे १५ बाबांच्या शर्टवर. १२.०५ – शी, एकदा, रंग पिवळा, प्रमाणात. १२.४० ते १.३० – रडणे. कारण तपासले: भूक नाही, ओले नाही, मुंगी नाही. फॉल्स अलार्म. १.३५ – झोप. पंखा दोनवर ठेवणे, तीनवर उठतो. प्रलंबित कामे: नखे कापणे (दोन शिफ्ट पुढे ढकलले)." खाली दोघांच्या सह्या. घेणाऱ्याची आणि देणाऱ्याची.

नवराबायकोची भेट त्या वहीतच होते. एकदा तिनं शेऱ्यांच्या रकान्यात लिहिलं, "आज लग्नाचा वाढदिवस होता." खाली त्याच्या अक्षरात, "नोंद घेतली." मराठी सिनेमात इतका हळवा संवाद मी बऱ्याच दिवसांत ऐकलेला नाही.

सरकारनं काही केलं नाही असं मात्र म्हणता येणार नाही. प्रसूती लाभाच्या १९६१च्या कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. ५० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायला हवं, असंही त्यात आलं. पाळणाघराची कल्पना तर त्याहून जुनी. ३०हून जास्त बायका कामाला असलेल्या कारखान्यात ते हवं, असं १९४८चा कारखाना कायदाच सांगत होता. पण आकडा ठरवून दिला की आपल्याकडे मोजदाद मोठी चमत्कारिक होते. मिनिटाला हजारो गोळ्या न चुकता मोजणारी यंत्रं असतात, बायका मोजायला घेतल्या की गणित तिसावरच अडकायचं. उरलेल्या कंत्राटदाराच्या! आणि बापाचं काय? केंद्र सरकारी नोकराला १५ दिवसांची रजा मिळते. खासगी कारखान्यातल्या बापाबद्दल या कायद्यांत चकार शब्द नाही. कायद्याच्या लेखी तो अजून दाराबाहेर, गिटारपाशीच उभा आहे.

म्हणून मला 'मुंबई-पुणे-मुंबई'चा खरा चौथा भाग 'नाच गं घुमा' वाटतो. १ मे २०२४ला, म्हणजे कामगारदिनाचा मुहूर्त साधून परेश मोकाशींनी तो आणला. गोष्ट वेगळी, पण नोकरी करणारी बाई पुन्हा मुक्ता बर्वेच. २०१८मध्ये मूल होऊ द्यावं का याचा विचार करत होती, २०२४मध्ये मुलगी शाळेत जाते आहे आणि सगळा संसार कामवाल्या आशाताई सकाळी वेळेवर येतात की नाही यावर टांगलेला आहे. आशाताई झालेल्या नम्रता संभेरावनं त्या सिनेमात जे उत्तर दिलं, ते आमच्या वहिनींच्या प्रश्नाचं होतं. बाईचं करिअर तिच्या जिद्दीवर उभं राहतं हे भाषणात ठीक. घरात ते दुसऱ्या एका बाईच्या वेळेवर येण्यावर उभं असतं. आणि त्या दुसऱ्या बाईचं बाळ कोणाकडे असतं, हा प्रश्न विचारायला अजून एक सिनेमा लागेल.

त्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडच्या वीटभट्टीवर पाहायला मिळतं. पावसाळा सरला की जव्हार-मोखाड्याची कुटुंबं भट्ट्यांवर उतरतात. तान्हं पोर झोळीत, झोळी झाडाला, आणि झोळीला झोका द्यायला सहा-सात वर्षांची बहीण. तिथे आईला काम आणि बाळ यांतून एक निवडायची सवलत नाही. निवड होते ती त्या बहिणीची, आणि ती शाळेतून वजा होते.

याच जिल्ह्यात दोन बायकांनी यावर उपाय काढला होता, तोही फार पूर्वी. ताराबाई मोडक स्वतः नोकरी करणाऱ्या आई. राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजातली मानाची नोकरी सोडून लहान मुलीला घेऊन त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या, आणि बालशिक्षण हेच त्यांचं आयुष्याचं काम झालं. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. पुढे १९५७च्या सुमारास काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे दोघींच्या लक्षात आलं की आदिवासी मुली शाळेत येत नाहीत, कारण कडेवर धाकटं भावंड असतं. आपल्याकडच्या रीतीनं पालकांना दोन भाषणं ऐकवून मोकळं होता आलं असतं. यांनी सांगितलं, भावंडालाही घेऊन या. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. मुलं गुरं चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची. मुलं येईनात तर बालवाडीच त्यांच्या अंगणात भरवायची. १९७५ साली देशभर अंगणवाड्यांची सरकारी योजना सुरू झाली, त्याआधी बोर्डी-कोसबाडच्या अंगणांत हे सगळं करून झालं होतं. ताराबाईंना पद्मभूषण आणि अनुताईंना पद्मश्री मिळाली, पण बोईसरच्या एमआयडीसीपासून तासाभराच्या अंतरावरचा हा उपाय आमच्या कारखान्यांच्या गेटपर्यंत काही पोचला नाही.

तेव्हा निर्मात्यांना एक विनंती. पुढचा कौटुंबिक, हलकाफुलका, अनपेक्षित मातृत्वाचा सिनेमा आमच्याकडे करा. समुद्रकिनारा केळव्याला आहे, चिंचणीला आहे. घालमेलीचं गाणं वैतरणेच्या पुलावर घ्या, गाडी तिथे थांबतेच, वेगळी परवानगी लागणार नाही. फक्त शेवटच्या प्रसंगात नायिकेला "मला माझी चूक कळली" असं रडायला लावू नका. त्याऐवजी कंपनीच्या पाळणाघराचं कुलूप उघडताना दाखवा. आत धूळ असेल, साचलेल्या जुन्या फायली असतील, पण दृश्य चालेल. तसं थरारक दृश्य आमच्या भागातल्या प्रेक्षकांनी अजून पाहिलेलं नाही.

आणि वाचकांनाही थोडं सांगायचं आहे. घरात, बिल्डिंगमध्ये, डब्यात कुणाची गोड बातमी कळली की तुमच्या तोंडून "मग नोकरीचं काय ठरवलंस?" हे येणारच. ते अडवू नका. प्रश्न चांगला आहे, जरूर विचारा. फक्त एवढं करा, तो बाळाच्या बापाला विचारा.